सोन्याच्या कणांवर सिलिकाचं कवच: डाय-सोलर सेलच्या कामाच्या नोंदी, बडोदे, मे ते सप्टेंबर २०२४

काम असं: डाय-सेन्सिटाइझ्ड सौर सेलमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या (टायटॅनियाच्या) थरात सोन्याचे साधारण १५ नॅनोमीटरचे कण मिसळायचे, म्हणजे कणाभोवती प्रकाशाचं क्षेत्र तीव्र होतं आणि शेजारचा डाय, म्हणजे प्रकाश शोषणारं रंगद्रव्य, जास्त प्रकाश शोषतो. एन-७१९ या डायचं दृश्य प्रकाशातलं शिखर (ज्या तरंगलांबीला तो सर्वांत जास्त प्रकाश शोषतो) ५३५ नॅनोमीटरच्या आसपास आहे आणि सोन्याचं ५२० च्या पुढे, म्हणून सोनं. चांदी स्वस्त आहे, पण तिचं शिखर ४०० च्या जवळ पडतं. शिवाय आयोडाइडच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये (सेलमध्ये भरायच्या द्रावणात) कवचाला सुईएवढं भोक राहिलं तरी चांदीचं सिल्व्हर आयोडाइड होतं. उघडं सोनंही चालत नाही. आयोडीन-आयोडाइड ते विरघळवतं, आणि टायटॅनियातले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेत जायचे सोडून धातूवरच खर्ची पडतात. म्हणून कवच हवं. चार महिन्यांतला जवळजवळ एक त्या कवचातच गेला.

६ मे
कण करायला लागणारं क्लोरोऑरिक आम्ल बाटलीत विकत घेण्यापेक्षा सोनं विरघळवणं स्वस्त पडलं. मांडवीतल्या सराफाकडून ९९९ चं अर्ध्या ग्रॅमचं नाणं घेतलं, घडणावळ धरून ४,१०० रुपये. आम्लराज ५ मिली (३.७५ मिली हायड्रोक्लोरिक, १.२५ मिली नायट्रिक), फ्यूम हूडमध्ये ६५ अंशांवर दीड तास. तळाला पांढरा गाळ राहिला तर समजावं की सोन्यात चांदी आहे. तो सिल्व्हर क्लोराइड असतो, गाळून टाकायचा. आमच्याकडे चिमूटभरही निघाला नाही.

नायट्रेट घालवायला पाकासारखं दाट होईपर्यंत आटवून २ मिली हायड्रोक्लोरिक घालायचं, असं तीनदा. दुसऱ्या वेळी लक्ष चुकलं, पूर्ण कोरडं झालं आणि बीकरच्या बुडाला सोनेरी पापुद्रा धरला. जास्त तापलं की क्लोराइड मोडून परत सोनं सुटतं. आम्लराजाचे आणखी काही थेंब आणि एक तास वाया. शेवटी २५ मिलीचा फ्लास्क भरला. अर्धा ग्रॅम म्हणजे २.५४ मिलिमोल, म्हणजे साठा १०० मिलिमोलरचा. स्टीलचा चमचा यात बुडवू नका, चमच्यावर सोन्याचा मुलामा चढतो आणि साठ्याची तीव्रता बिघडते.

९ मे
कण करायची सायट्रेटची पद्धत: १ मिलिमोलर सोन्याचं १०० मिली द्रावण उकळायचं, त्यात ३८.८ मिलिमोलर ट्रायसोडियम सायट्रेट १० मिली एकदम ओतायचं (डायहायड्रेट ११४ मिलिग्रॅम, १० मिली पाण्यात). पिवळं द्रावण आधी बिनरंगी, मग काळपट निळं आणि काही मिनिटांत रेड वाइनसारखं लाल व्हायला हवं. आमचं जांभळ्यावर अडलं आणि सकाळपर्यंत खाली बसलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

१४ मे
दोन कारणं सापडली. पाणी आर.ओ. चं होतं, मीटरवर टी.डी.एस. (विरघळलेले क्षार) ३८. पिण्याला उत्तम, या कामाला निरुपयोगी, कारण क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटतात. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड आणलं तर त्यातही १२ आलं. आता दोनदा ऊर्ध्वपातन केलेलंच वापरतोय. दुसरं कारण ढवळायचा चुंबक. त्याच्या टेफ्लॉनवरच्या ओरखड्यांत जुन्या कामाचा धातू बसलेला असतो आणि त्यावर नवं सोनं जमतं. बीकरसोबत चुंबकही आम्लराजात अर्धा तास ठेवला.

आज वाफ परत पडावी म्हणून कंडेन्सर लावून केलं. लाल आलं, शिखर ५२० वर. १५ मिनिटं उकळत ठेवून ढवळत गार केलं.

१७ मे
कवच अल्कोहोलमध्ये चढवायचं, पण सायट्रेटवरचे कण थेट त्यात टाकले की गोळा होतात. आधी पीव्हीपीचा (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन या पॉलिमरचा) पातळ थर द्यावा लागतो. हिशेब: दर चौरस नॅनोमीटरला ६० मोनोमर (पीव्हीपीच्या साखळीतले दुवे). १०० मिलीच्या एका घाण्यात सोनं १९.७ मिलिग्रॅम, कण ५.८ × १०¹⁴, एका कणाचा पृष्ठभाग ७०७ चौरस नॅनोमीटर, म्हणजे पीव्हीपी फक्त ४.५ मिलिग्रॅम. एवढं थेट तोलू नका, ४५ मिलिग्रॅम १० मिली पाण्यात करून त्यातलं १ मिली घ्या. आम्ही पहिल्यांदा अंदाजाने २०० मिलिग्रॅम टाकलं होतं, तेही ४०,००० रेणुभाराचं. द्रावण घट्टसर झालं आणि कण सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसेचनात. १०,००० रेणुभाराचं घेतल्यावर प्रश्न सुटला. रात्रभर ढवळलं.

१९ मे
गुजरातेत दारूबंदी. शुद्ध इथेनॉल प्रयोगशाळेलाही परवान्याशिवाय मिळत नाही आणि परवान्याची वाट बघायची तर काम पुढल्या वर्षावर जातं. म्हणून सगळं आयसोप्रोपॅनॉलमध्ये. कवच त्यातही चढतं, जरा सावकाश.

सेंट्रिफ्यूजचा रोटर २ मिलीच्या २४ नळ्यांचा. ११० मिली म्हणजे तीन फेऱ्या, प्रत्येकी ४० मिनिटं, १५,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५,००० पट). वरचं पाणी काढताना तळाचा थेंबभर द्रव राहू द्यायचा. गाळ कोरडा पडला की तो परत कधीच सुटत नाही. आज सहा नळ्या अशा गेल्या.

२१ मे
कवचाची पहिली खेप: ८० मिली आयसोप्रोपॅनॉल, १५ मिली पाण्यात सोन्याचे कण, २५ टक्के अमोनिया ४ मिली, टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, यातूनच सिलिका बनते) १ मिली. रात्रभर. सकाळी रंग लालच, फक्त दुधाळ झाक. आम्हाला वाटलं, जमलं.

२८ मे
टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) झाला, तासाचे १,५०० रुपये. चित्रात सोन्याभोवती २८ ते ३० नॅनोमीटरचं कवच, आणि दर कणामागे तीन-चार नुसते सिलिकाचे गोळे, आत सोनं नाही. १५ नॅनोमीटरच्या कणाचं क्षेत्र पृष्ठभागापासून साधारण १० नॅनोमीटरमध्येच विरतं. ३० चं कवच म्हणजे दिवा गोधडीत गुंडाळून ठेवणं.

चूक सरळ गणिताची होती. १ मिलीची पाककृती सिलिकाचे मोठे गोळे करायची होती, ती आम्ही तशीच उचलली. आमच्या घाण्याला ५ नॅनोमीटरचं कवच हवं तर सिलिका ७.४ मिलिग्रॅम लागते, म्हणजे टीईओएस २८ मायक्रोलिटर. ३० नॅनोमीटरला ९४० मायक्रोलिटर. जाडी सहापट, माल चौतीसपट. हा हिशेब आधी मांडला असता तर आठवडा आणि दीड हजार दोन्ही वाचले असते.

३ जून
टीईओएस २८ मायक्रोलिटर, आयसोप्रोपॅनॉलमध्ये दहापट पातळ करून, अर्ध्या अर्ध्या तासाने चार भागांत. एकदम घातलं की नुसते गोळे तयार व्हायचा धोका असतो. बारा तासांनी शिखर ५२३ वर. आनंद झाला, पण तो खोटा: कण पाण्यातून आयसोप्रोपॅनॉलमध्ये गेले तरी शिखर दोन-तीन नॅनोमीटर सरकतंच, कारण त्याचा अपवर्तनांक जास्त. कवच चढण्याआधी आणि नंतरची मापं एकाच द्रवात घ्या. तशी घेतल्यावर फरक शून्य. कवच चढलंच नव्हतं.

५ जून
अमोनियावर संशय आला, कारण बाटली उघडताना आता नाकाला तेवढी झोंबत नव्हती. मेमध्ये खोलीत ४१-४२ अंश, बाटली रोज उघडलेली, वायू उडून गेलेला. तपासणी सोपी: १ मिली अमोनिया ५० मिली पाण्यात, मिथाइल रेड, आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिकने टायट्रेशन. ताज्या २५ टक्क्याला १३ मिलीच्या वर आम्ल लागतं. आमच्याला ७.९ लागलं. नवी बाटली १०० मिलीच्या छोट्या बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवली (फ्रिज खाण्याच्या वस्तूंचा नको), आणि दर सोमवारी टायट्रेशन.

७ जून
नवा अमोनिया, बाकी सगळं तेच. ५२३ वरून ५२७. टीईएममध्ये ४ ते ५ नॅनोमीटर, मोकळे गोळे जवळजवळ नाहीत.

१० जून
कवच आयोडीन अडवतं का? १ मिली द्रावण आणि १ मिली इलेक्ट्रोलाइट, २४ तास अंधारात, मग सेंट्रिफ्यूज आणि दोनदा धुणं. उघड्या सोन्याचा काहीच गाळ आला नाही, विरघळून गेलं. कवचवाल्याचा आला, पण निम्माच. इथे आम्ही जवळपास कवच जाड करायला निघालो होतो.

मग लक्षात आलं की परीक्षाच चुकीची आहे. अमोनियात चढलेली सिलिका कच्ची आणि सच्छिद्र असते. सेलमध्ये ती ४५० अंशांत भाजून निघते आणि घट्ट होते. म्हणून साध्या काचेवर टायटॅनियाचे दोन थर केले, एकात उघडं सोनं, एकात कवचवालं, दोन्ही भट्टीतून काढून तीन दिवस इलेक्ट्रोलाइटमध्ये बुडवले. भट्टीतून निघतानाच फरक दिसला. उघड्याचा थर निळसर जांभळा, कारण कण तापून एकमेकांत मिसळले. कवचवाल्याचा गुलाबीच. तीन दिवसांनी धुतल्यावर उघड्याचा थर पांढरा, रंग सगळा गेला. दुसरा गुलाबी राहिला. कवचाची परीक्षा भाजलेल्या थरावरच घ्या.

१५ जून
पेस्ट: पी-२५ जातीची टायटॅनियाची पूड ३ ग्रॅम, अॅसिटिक आम्लाचं पीएच ३ ते ४ चं पाणी ४.५ मिली, खलात एकेक मिली घालत अर्धा तास घोटायचं. पीईजी-२०,००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) ०.३ ग्रॅम, भेगा पडू नयेत म्हणून. ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं द्रव्य) दोन थेंब, शेवटी आणि हलक्या हाताने, नाहीतर फेस होतो आणि थरात भोकं पडतात. सोनं टायटॅनियाच्या वजनाच्या ०.२, ०.५ आणि १ टक्का. ५ मिलिग्रॅम प्रति मिलीचं दाट द्रावण करून घातलं, म्हणजे ०.५ टक्क्याला दर ग्रॅम टायटॅनियामागे १ मिली.

२४ जून
पाऊस सुरू. एफटीओ काच (एका बाजूला वीजवाहक थर असलेली, १५ ओहमची, वाहक बाजू मल्टिमीटरने बघून), दोन्ही कडांना टेप, काचेच्या दांड्याने एकाच ओढीत पेस्ट. भट्टी: ४५० अंशांपर्यंत मिनिटाला ५ अंश, तिथे ३० मिनिटं. दार उघडून गार करायची घाई केली आणि आठांतल्या तीन काचा तडकल्या. दार बंदच, १०० च्या खाली येईपर्यंत.

टायटॅनियम टेट्राक्लोराइडचा हात: ४० मिलिमोलर, ७० अंश, ३० मिनिटं, आणि परत ४५० ला. याचा साठा बर्फात करायचा. बाटली उघडताच दमट हवेत पांढरा धूर उठतो, तो टायटॅनियाच्या कणांचा आणि हायड्रोक्लोरिकचा. जुलैत हे काम हवा कोरडी असतानाच करावं, पण बडोद्यात जुलैत कोरडी हवा असते कुठे.

२८ जून
डाय ०.३ मिलिमोलर, ५० मिलीला १८ मिलिग्रॅम. इथेनॉल नाही म्हणून अॅसिटोनायट्राइल आणि टर्ट-ब्युटॅनॉल निम्मे निम्मे. टर्ट-ब्युटॅनॉल २५ अंशांच्या आसपास गोठतं. ए.सी. च्या खोलीत बाटली दगड झाली होती, कोमट पाण्यात ठेवून सोडवली. काच भट्टीतून ८० अंशांवर असतानाच डायमध्ये टाकायची. गार होऊ दिली की थर हवेतलं पाणी ओढतो आणि डाय फिकट चढतो. २० तास.

समोरची काच: क्लोरोप्लॅटिनिक आम्ल ५ मिलिमोलर, आयसोप्रोपॅनॉलमध्ये, थेंब पसरून ४०० अंश, १५ मिनिटं. इलेक्ट्रोलाइट भरायचं भोक हिऱ्याच्या बिटने, काच पाण्याखाली धरून आणि प्लॅटिनम लावायच्या आधी. इलेक्ट्रोलाइट: लिथियम आयोडाइड ०.५ मोलर, आयोडीन ०.०५, टर्ट-ब्युटाइलपिरिडीन ०.५, मेथॉक्सिप्रोपिओनायट्राइलमध्ये. इथे अॅसिटोनायट्राइल नको: ते ८२ अंशांवर उकळतं, आपल्याकडच्या उन्हात सीलमधून निसटतं.

५ जुलै
पहिली मापं, १०० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर प्रकाशात. बिनसोन्याचा सेल ९.३ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर, ०.५ टक्क्याचा ११.४. तेवीस टक्के वाढ! फार चांगली बातमी आली की आधी पट्टी हातात घ्यावी.

८ जुलै
पट्टी घेतली. सोन्याची पेस्ट त्या १ मिली आयसोप्रोपॅनॉलने पातळ झाली होती आणि टेपखाली झिरपली होती. ५ मिमीचा चौकोन प्रत्यक्षात ५.४ मिमीचा. क्षेत्रफळ ०.२५ नाही, ०.२९. तेवीसांतले सोळा टक्के इथेच गेले. उरलेल्यात जाडीचा फरक: साधा थर ९ मायक्रॉन, सोन्याचा ७.५. तुलना करण्यालायक काहीच नव्हतं.

सुधारणा तीन. साध्या पेस्टमध्येही तेवढंच आयसोप्रोपॅनॉल, आणि दोन्ही पेस्ट ढवळत उडवून वजन सारखं करायचं. मोजताना ४ × ४ मिमी भोकाचा काळा मास्क, म्हणजे कडेने शिरणारा प्रकाश बंद आणि क्षेत्रफळ पक्कं. आणि तिसरा नमुना: सोन्याशिवाय नुसते सिलिकाचे कण घातलेली पेस्ट. नाहीतर वाढ सोन्याने झाली की सिलिकाने प्रकाश विखुरल्याने, ते सांगता येत नाही.

२४ जुलै
सगळं नव्याने, प्रत्येक प्रकारचे चार सेल, एकाच दिवशी भाजलेले आणि एकाच डायच्या बाटलीतले. सरासरी, मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर: साधा ९.५, नुसती सिलिका ९.४, सोनं ०.२ टक्के ९.८, ०.५ टक्के १०.१, १ टक्का ९.१. मे महिन्यातलं जाड कवचवालं सोनं ०.५ टक्के: ९.३. उघडं सोनं: ८.२, आणि व्होल्टेजही ०.७० वरून ०.६२ वर. बाकी सगळ्यांचं व्होल्टेज ०.६९ ते ०.७० मध्येच. एकाच प्रकारच्या चार सेलमधला फरक ०.३ पर्यंत जातो, तेव्हा ०.२ टक्क्याच्या आकड्यावर आम्ही काही बोलणार नाही.

१ टक्क्याला प्रवाह पडतो कारण सोनं स्वतः शोषलेल्या प्रकाशाची उष्णता करतं आणि डायची जागाही खातं. जास्त घालून जास्त मिळत नाही. (कालच्या बजेटात सोन्यावरची कस्टम ड्युटी १५ वरून ६ टक्के झाली. आमचं नाणं अर्थात मेमध्ये घेतलेलं.)

२ ऑगस्ट
सहा टक्क्यांसाठी एवढा खटाटोप? ९ मायक्रॉनच्या थरात ५३० च्या आसपासचा बहुतेक प्रकाश डाय एकटाच शोषतो, सोन्याला मदत करायला शिल्लक थोडीच राहते. म्हणून पेस्टमध्ये पाणी वाढवून ४ मायक्रॉनचे थर केले. साधा ६.१, सोनं ०.५ टक्के ७.१. सोळा टक्के, मास्क लावून, जाडी मोजून. फायदा बघायचा तर पातळ थरातच बघा. डायही निम्मा लागतो, आणि तो महाग आहे.

२ सप्टेंबर
५ ऑगस्टला बारा सेल टिकाऊपणासाठी अंधारात ठेवले होते. मध्ये विश्वामित्रीला पूर आला, लाईट गेली, मापं आठवडाभर उशिरा. कवचवाले आणि साधे दोन्ही सुरुवातीच्या नव्वद टक्क्यांवर. उघड्या सोन्याचे चौथ्या आठवड्यात निम्म्यावर. पण बारांतले तीन पूर्ण कोरडे पडले, आणि त्याचा सोन्याशी संबंध नाही: भरायच्या भोकावरचं सील सुटलं. ६० मायक्रॉनच्या सर्लिनवर (तापवलं की चिकटणाऱ्या प्लास्टिकवर) काचेची टिकली ११० अंशांवर दाबली होती, पण दाबण्याआधी भोकाभोवती सांडलेला इलेक्ट्रोलाइट नीट पुसला नव्हता. पुढच्या खेपेला आयसोप्रोपॅनॉलच्या बोळ्याने दोनदा पुसून मग सील.

साठवणीचंही कळलं. ७ जूनच्या घाण्यातला थोडा माल धुऊन पाण्यात ठेवला होता, थोडा आयसोप्रोपॅनॉलमध्ये. आयसोप्रोपॅनॉलमधला अजून लाल, ५२७ वर. पाण्यातला जांभळा होऊन बाटलीच्या तळाला बसलाय. कच्ची सिलिका पाण्यात हळूहळू विरघळते, अमोनियाचा अंश राहिला असेल तर जास्तच, आणि ४ नॅनोमीटर विरघळायला वेळ तो किती लागणार. ती बाटली आम्लराजात टाकली, सोनं परत साठ्यात.